वाइनच्या कारखान्यांची एक दिवसाची सहल : बागाइतदारानें काय पाहावें?

नाशिक शहराच्या पश्चिमेस गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारीं मोटारींची जी रीघ लागते, ती देवदर्शनाची नसून द्राक्षबागा पाहणाऱ्यांची असते, ही गोष्ट आतां आपल्या जिल्ह्यांत नवलाची राहिलेली नाहीं. मुंबईची मंडळी सकाळीं निघतात, बागेंत हिंडतात, वाइन कशी होते तें पाहतात, घोट-दोन घोट चाखतात आणि संध्याकाळीं परततात. ज्या वेलाखालीं आपलें आयुष्य गेलें तो वेल पाहावयास लोक पैसे देतात, हें ऐकून आपल्याकडील पुष्कळ बागाइतदार हंसतात. आमच्या मतें हंसण्यापेक्षां एकदां जाऊन पाहणें अधिक फायद्याचें आहे. मात्र तेथें पाहुण्याच्या नजरेनें न जातां माल विकणाऱ्याच्या नजरेनें जावें.

हा विषय आज मांडण्यास कारण आहे. कळवण, सटाणा, मालेगांव व देवळा या आपल्या कसमादे पट्ट्यांत पूर्वहंगामी द्राक्षें घेण्याचा प्रघात आहे. इतर तालुक्यांत गोडी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. आपल्याकडे ती पावसाळ्यांतच उरकून नोव्हेंबर-डिसेंबरांत माल बाजारांत जातो. त्या वेळीं द्राक्ष इतरत्र नसल्यामुळें भाव चांगला मिळतो. परंतु परतीचा पाऊस घडावर आला कीं मणी तडकतात, कूज लागते, आणि वर्षाची मेहनत चार दिवसांत जाते. अशा वर्षानंतर कोणी ना कोणी विचारतोच, "वाइनचीं द्राक्षें लावलीं तर?" या प्रश्नाचें उत्तर गांवच्या पारावर मिळावयाचें नाहीं. तें कारखान्याच्या दारांत जाऊन शोधिलें पाहिजे.

थोडा पूर्वेतिहास

आपल्या जिल्ह्यांत द्राक्ष जुनें आहे, वाइन नवी. ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनीं १९२५ च्या सुमारास केलेल्या लागवडीपासून येथील द्राक्षशेतीचा आरंभ धरितात. पुढें भोकरी, अनाबेशाही या जाती मागें पडून बिनबियांच्या थॉमसनचें राज्य आलें. वाइनचा मोठा उद्योग प्रथम पुणें जिल्ह्यांत नारायणगांव येथें १९८० नंतरच्या दशकांत श्यामराव चौगुले यांनीं उभा केला. नाशिकजवळ राजीव सामंत यांनीं १९९७ सालीं वाइनच्या जातींची लागवड केली व २००० सालीं त्यांच्या 'सुला' कारखान्याची पहिली वाइन बाजारांत आली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून उत्पादनशुल्कांत सूट दिली. निफाड तालुक्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन पार्क आंखले. २००५ सालीं सुलानें पाहुण्यांसाठीं चाखणीची खोली उघडली, आणि आज जो सहलींचा धंदा दिसतो तो तेथून वाढला.

वेळ व वाट

कारखाना चालूं असतांना पाहावयाचा असेल तर जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत जावें. इतर दिवसांत पिंपें व भिंती दिसतात, काम दिसत नाहीं. देवळ्याहून जातांना कळवण, नांदुरी, वणी करून दिंडोरीस उतरावें. दिंडोरी तालुक्यांत मोएट हेनेसी या फ्रेंच कंपनीचा 'शांदाँ' हा फसफसणाऱ्या वाइनचा कारखाना आहे. त्याचा माल २०१३ पासून बाजारांत आहे. तेथून नाशिक व गंगापूर गांठावें. परततांना ओझर, पिंपळगांववरून चांदवडास यावें, रेणुकादेवीचें दर्शन घ्यावें व भावडबारीचा घाट ओलांडून घरीं पोंचावें. ज्यांस शोभेपेक्षां कामकाज पाहावयाचें आहे त्यांनीं चांदवडाहून लासलगांवमार्गें विंचूरला जावें. आपल्या दारावरून जाणारा विंचूर-प्रकाशा रस्ता ज्या गांवापासून निघतो, तेथेंच हा वाइन पार्क आहे. कोणत्याही कारखान्यास आधीं कळविल्याशिवाय जाऊं नये. शनिवारीं सकाळीं लवकर पोंचल्यास दाखविणाऱ्या माणसास चार प्रश्न विचारण्यास सवड मिळते. रविवारीं दुपारीं ती मिळत नाहीं.

आपल्यांत माळकरी पुष्कळ आहेत. त्यांनीं संकोच धरूं नये. पाहण्यास चाखावें लागत नाहीं, आणि चाखणारे जाणकार सुद्धां घोट तोंडांत घोळवून शेजारच्या भांड्यांत टाकितात. ज्याच्या हातीं मोटारीचें चाक आहे त्यानें मात्र थेंबही घेऊं नये, आणि तरुण पोरांस केवळ पिण्यासाठीं बरोबर नेऊं नये.

बागेंत काय पाहावें

प्रथम जात पाहावी. शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्याँ या काळ्या, आणि शेनिन ब्लांक व सोव्हिन्याँ ब्लांक या पांढऱ्या जाती बहुधा आढळतील. त्यांचा मणी बारीक, बियांचा व जाड सालीचा असतो. आपण मणी फुगविण्यासाठीं जिवाचें रान करितों. तेथें बारीक मणी हाच गुण, कारण रंग, तुरटपणा व वास सालींत असतो. खाण्याच्या द्राक्षास सोळा ते अठरा ब्रिक्स गोडी पुरते; काळ्या वाइनच्या द्राक्षास ती बावीस ते चोवीसपर्यंत चढूं देतात. भरघोस माल धरिला तर ही गोडी येत नाहीं. म्हणून एकरीं उतारा खाण्याच्या द्राक्षाच्या निम्म्याहून खालीं ठेवितात.

त्या मोबदल्यांत मण्यांची विरळणी नको, जी. ए. च्या द्रावणांत घड बुडविणें नको, चकाकी नको, पेटींत रचणें नको. मजुरी वांचते. भुरी व केवड्याची फवारणी मात्र चुकत नाहीं. हा जमाखर्च दोन्ही बाजूंनीं मांडावा.

कारखान्यांत काय पाहावें

पाहुणे थेट चाखणीच्या खोलीकडे जातात. बागाइतदारानें आधीं वजनकाट्याजवळ उभें राहावें. माल कोणत्या वेळीं येतो, गोडी कोण मोजतो, कुजका घड निघाल्यास किती वजा होतें, आणि पावती तेथल्या तेथें मिळते कीं नाहीं, हें पाहावें. त्यानंतर देंठ काढून द्राक्ष चिरडण्याचें यंत्र लागतें. पांढऱ्या वाइनसाठीं रस लगेच पिळून वेगळा करितात. तांबड्या वाइनसाठीं तो सालींसह आंबवितात. यीस्ट रसांतील साखर खाऊन मद्यार्क व वायु निर्माण करितें. आपल्या घरीं औषधाच्या फडताळांत द्राक्षासवाची बाटली असते, तिच्यामागेंही आंबविण्याचीच विद्या आहे. येथें ती पोलादी टांक्यांत, उष्णमान आंवरून चालते. साध्या वाइनमध्यें मद्यार्काचें प्रमाण शेंकडा अकरा ते चौदाच्या आसपास असतें. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीस किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतें.

हा आंकडा ऐकून बाटलीची किंमत व आपला किलोचा भाव शेजारीं मांडण्याचा मोह होतो. तो हिशेब अपुरा आहे. मध्यें कांच, टांक्या, वीज, सरकारी कर, विक्रेत्याचा नफा आणि माल पडून राहिल्याचें व्याज आहे. परंतु हिशेब मुळींच न मांडणें हेंही शहाणपणाचें नव्हे.

मुख्य धोका

खाण्याच्या द्राक्षास अनेक दारें आहेत. परदेशीं गेलें नाहीं तर पिंपळगांवच्या बाजारांत जाईल, तेथें पडलें तर बेदाणा होईल. वाइनच्या द्राक्षास एकच दार आहे, आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातीं असते. याचा अनुभव आपल्या जिल्ह्यानें घेतलेला आहे. २००१ च्या सवलतीनंतर कारखाने भराभर निघाले व त्यांच्या भरंवशावर लागवडी झाल्या. २००८ सालीं जगभर मंदी आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला होऊन हॉटेलें व प्रवासी यांवर परिणाम झाला. वाइनचा खप घटला, टांक्या भरलेल्या राहिल्या, आणि पुढील हंगामांत पुष्कळ शेतकऱ्यांचा माल उचलला गेला नाहीं. अनेकांनीं उभे वेल उपटून टाकिले. २०२२ च्या जानेवारींत किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां शेतकऱ्याच्या हिताचेंच कारण पुढें केलें होतें. पण विरोध होऊन तो निर्णय मागें पडला. जो धंदा सरकारच्या एका कागदानें वाढतो, तो दुसऱ्या कागदानें अडूंही शकतो.

आमचें आयुष्य महसुली दफ्तरांत गेलें. तोंडचा शब्द कितीही गोड असला तरी तो दफ्तरीं लागत नाहीं, एवढें आम्ही खात्रीनें सांगतों. म्हणून लागवडीपूर्वीं पुढील गोष्टी लेखी मागाव्या :

१. करार किती वर्षांचा, आणि वेल धरण्याआधींचीं पहिलीं वर्षें त्यांत कशीं मोजलीं आहेत?
२. भाव ठरलेला कीं गोडीवर चढउताराचा? किमान भाव कोणता?
३. माल तयार झाल्यावर किती दिवसांत उचलणार, व न उचलल्यास भरपाई काय?
४. वजन कोणाच्या कांट्यावर, आणि पैसे किती दिवसांत?
५. गारपीट वा अवकाळी पावसाचें नुकसान कोणाच्या माथीं?

करार मराठींत असावा, व सहीची एक प्रत आपल्या पेटींत असावी. या पांचांपैकीं दोहोंचेंही स्पष्ट उत्तर न मिळाल्यास खड्डे घेऊं नयेत.

आणखी एक धडा

सहलीस आलेला पाहुणा नुसती वाइन विकत घेत नाहीं. स्वच्छ वाट, सांवली, नीट सांगणारा माणूस आणि हातानें घड तोडण्याची मौज यांचे तो पैसे देतो. यांपैकीं एकाही गोष्टीस वाइनचा परवाना लागत नाहीं. राज्याचें कृषिपर्यटन धोरण २०२० सालीं जाहीर झालें आहे. सप्तशृंगीच्या यात्रेकरूंच्या मोटारी आपल्या पट्ट्यांतून जातात. डिसेंबरांत, जेव्हां इतरत्र घड हिरवे असतात, तेव्हां आपल्या मांडवाखालीं पिकलेलें द्राक्ष असतें. रस्त्याकडेच्या एखाद्या बागेनें दोन ओळी पाहुण्यांसाठीं राखून, तेथेंच पेटी व बेदाणा विकून पाहण्यास मोठें भांडवल लागणार नाहीं.

येत्या हंगामांत सभासदांनीं आठ-दहा जणांचा गट करून ही सहल अवश्य करावी. बरोबर वही असावी, आणि गटांत निदान एक तरी असा गृहस्थ असावा कीं ज्यानें पूर्वीं वाइनचीं द्राक्षें लावून काढलीं आहेत. त्याचे दोन शब्द दाखविणाऱ्याच्या दोन तासांइतके मोलाचे ठरतील. वहींत जें टिपलें जाईल तें मासिकाकडे पाठवावें, म्हणजे ज्यांस जाणें जमलें नाहीं त्यांसही त्याचा उपयोग होईल.