घरगुती रक्तदाबमापन आणि ‘बी.पी.’ हा शब्द

जालना जिल्ह्यात, किंबहुना महाराष्ट्रात सर्वत्रच, ‘मला बी.पी. आहे’ हे वाक्य ‘माझा रक्तदाब वाढलेला असतो’ या अर्थी रूढ आहे. वस्तुतः रक्तदाब प्रत्येक जिवंत माणसास असतो. अर्थसंकोचाचा हा चांगला नमुना होय, आणि त्यात वावगे काही नाही. घोटाळा होतो तो यंत्रासमोर.

रूढ शब्द एक, पण पडद्यावर आकडे बहुधा तीन असतात. पहिला हृदय आकुंचन पावतानाच्या दाबाचा, दुसरा ते शिथिल असतानाच्या दाबाचा, तिसरा नाडीच्या ठोक्यांचा. बोलताना मात्र आपण ‘वरचं’ आणि ‘खालचं’ बी.पी. एवढेच म्हणतो. त्यामुळे १५०, ९८, ७२ असे आकडे आले असता सर्वांत खालचा ७२ हाच ‘खालचं बी.पी.’ म्हणून डॉक्टरांस कळविला जाणे सहज संभवते, आणि ९८ दडून राहतो. यंत्रावरील खुणा रोमन लिपीत असल्यास शेजारी ‘वरचं, खालचं, नाडी’ अशी चिठ्ठी चिकटवावी.

चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दंड उघडा व हृदयाच्या पातळीत असावा. मोजताना बोलू नये. पट्टा दंडास लहान पडल्यास आकडा उगाच चढतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. आकडा न येता त्रुटीची खूण आली, तर सैल पट्टा, मुडपलेली नळी, हाताची हालचाल किंवा उतरलेली बॅटरी यांपैकी काहीतरी कारण बहुधा सापडते.

घरची सरासरी १३५/८५ वा अधिक राहिल्यास डॉक्टरांस दाखवावे. गोळ्या आपल्या मनाने बदलू नयेत. १८०/१२० च्या वर आकडा जाऊन छातीत दुखू लागले, धाप लागली किंवा बोलणे अडखळू लागले, तर पुन्हा मोजीत न बसता रुग्णालय गाठावे.