तेलावाचून थिजलेले आरमार

पॅसिफिक महासागरातील युद्धाचा विषय निघाला की पहिले नाव येते ते मिडवेचे. ४ जून १९४२ रोजी सकाळी अमेरिकन विमानांनी जपानच्या तीन विमानवाहू नौका काही मिनिटांत पेटवून दिल्या, चौथीची गत त्याच दिवशी सायंकाळी तशीच झाली आणि युद्धाचे पारडे फिरले, असे क्रमिक पुस्तकांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु मिडवेनंतरही जपान तीन वर्षांहून अधिक काळ लढत होता. त्याचा श्वास कोंडणारी मोहीम निराळीच होती. तिला ठरावीक तारीख नाही, विवक्षित रणक्षेत्र नाही आणि तिचे पोवाडेही फारसे कोणी गायिले नाहीत. ती पाणबुड्यांनी चालविली आणि तिचे लक्ष्य होते तेल, तांदूळ, कोळसा वाहणारी साधी जहाजे.

जपान युद्धात उतरला तो मुख्यतः तेलासाठी, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. त्याला लागणाऱ्या तेलाचा फार मोठा भाग अमेरिकेतून येई. जुलै १९४१ मध्ये जपानी फौजा दक्षिण इंडोचायनात शिरल्या, तेव्हा अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठविली आणि तेलाचा पुरवठा थांबला. मग उरला एकच मार्ग: बोर्निओ आणि सुमात्रा येथील डचांच्या तेलविहिरी बळकावणे. १९४२ च्या जानेवारीत बालिकपापान आणि फेब्रुवारीत पालेम्बांग जपानच्या हाती पडले. ज्यासाठी युद्ध पुकारले ते असे तीन महिन्यांच्या आत साध्य झाले. पण आड ताब्यात आला म्हणून पाणी घरात येत नाही. पालेम्बांगपासून टोकिओपर्यंतची वाट सुमारे तीन हजार मैलांची होती आणि त्या वाटेवरच्या घागरी सांभाळण्याचा विचार जपानी आरमाराने जवळजवळ केलाच नव्हता.

याचे कारण त्याच्या पूर्वपुण्याईत होते. १९०५ साली त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचे आरमार बुडविल्यापासून एका निर्णायक संग्रामात शत्रूची वाताहत करायची, हाच जपानी नौसेनानींचा ध्यास होता. मालवाहू जहाजांची राखण करणे हे त्यांच्या लेखी हलके काम. त्यासाठी स्वतंत्र मध्यवर्ती दल स्थापन व्हायला १९४३ चा नोव्हेंबर उजाडावा लागला.

अमेरिकनांनाही हे यश सहजासहजी लाभले नाही आणि त्यांच्या अपयशाची कथा कोणत्याही सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्या माणसाला ओळखीची वाटावी. पाणबुड्यांचे कप्तान गस्तीवरून परतत ते हात हलवीत. सोडलेले पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, जहाजाखालून निघून जात, मध्येच फुटत किंवा लक्ष्यावर आदळूनही गप्प राहत. शस्त्रखात्याचे उत्तर ठरलेले होते: पाणतीर निर्दोष आहे, तुमचा नेमच चुकतो! अखेर जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पाणबुड्यांचे प्रमुख लॉकवुड यांनी समुद्रात मासेमारीचे जाळे टांगून त्यातून पाणतीर सोडले आणि जाळ्याला पडलेली भोके मोजून दाखविली. पाणतीर नेमलेल्या खोलीपेक्षा सुमारे दहा फूट खालून जात होता. तो दोष निघाला, तो चुंबकीय स्फोटकाचा दोष उघडा पडला. जून १९४३ मध्ये अॅडमिरल निमिट्झ यांनी ते स्फोटकच बंद करविले. तरीही २४ जुलै १९४३ रोजी ‘टिनोसा’ पाणबुडीने ‘तोनान मारू’ या प्रचंड तेलवाहू जहाजाला जागीच खिळविल्यानंतर नऊ पाणतीर एकेक करून सोडले, ते सारे फुसके निघाले. कप्तानाने शेवटचा पाणतीर सोडलाच नाही. तपासणीसाठी तो परत नेला. हवाई बेटांतील एका कड्यावर पाणतीर आदळवून आणि उंचावरून पोलादी पत्र्यावर टाकून केलेल्या प्रयोगांत उलगडा झाला. तिरपा बसलेला पाणतीर फुटे. काटकोनात, अगदी सरळ बसलेल्याची कळ चेपून निकामी होई. म्हणजे नेम जितका अचूक, तितका परिणाम शून्य! हे कळायला युद्धाची जवळजवळ दोन वर्षे गेली होती.

पुढचा इतिहास वेगाने घडला. जपानी काफिले आपले दुपारचे ठिकाण बिनतारी यंत्रावरून सांकेतिक भाषेत कळवीत. ती भाषा अमेरिकनांनी १९४३ मध्ये उकलली होती. युद्धारंभी जपानजवळ सुमारे ६० लक्ष टनांची व्यापारी जहाजे होती, पुढे बांधून वा जिंकून आणखी ४१ लक्ष टनांची भर पडली. यांपैकी ८९ लक्ष टन बुडाली किंवा निकामी झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक, ५४.७ टक्के, वाटा पाणबुड्यांचा होता, असे अमेरिकन सरकारच्या युद्धोत्तर पाहणीने नोंदविले. मायदेशी इंधन पुरेना म्हणून १९४४ मध्ये जपानच्या मोठ्या युद्धनौका सिंगापूरजवळच्या लिंगा येथे, तेलाच्या शेजाराला, ठेवाव्या लागल्या. विमानवाहू नौका मात्र जपानच्या किनाऱ्यावर. लेयटेच्या संग्रामात हे आरमार उतरले ते असे दुभंगलेले. मार्च १९४५ नंतर जपानला बाहेरून तेल मिळणे जवळपास बंद झाले आणि विमानांच्या इंधनासाठी पाइन वृक्षांची मुळे खणण्याच्या कामाला जनता जुंपली गेली. हे सारे साधणारे पाणबुडी दल अमेरिकन नौदलाच्या दोन टक्क्यांहूनही लहान होते. त्याच्या ५२ पाणबुड्या गेल्या, सुमारे ३,५०० माणसे परतली नाहीत.

हा पराक्रम मोठाच आहे. पण तो ज्या आज्ञेने घडला ती आज्ञाही वाचली पाहिजे. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली ती जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजे बेछूट बुडवीत होत्या म्हणून. जहाजावरील माणसांना सुरक्षित जागी पोहोचविल्यावाचून व्यापारी जहाज बुडवू नये, या १९३० च्या लंडन कराराच्या नियमावर तिची सही होती. पर्ल हार्बरवर बाँब पडल्याला काही तास होतात न होतात तोच हा नियम बाजूला सारण्याचा हुकूम सुटला. न्यूरेंबर्गच्या खटल्यात जर्मन अॅडमिरल डोनिट्झ यांच्या बाजूने निमिट्झ यांनी प्रांजळपणे लिहून दिले की, पॅसिफिकमध्ये आम्हीही पहिल्या दिवसापासून हेच केले. डोनिट्झ यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पण पाणबुडीयुद्धाच्या नियमभंगाचा आधार तिला नव्हता. न्यायाधीशांपुढे दुसरा मार्ग कोणता होता?

या हुकुमाची झळ हिंदुस्थानपर्यंत आली. २६ जानेवारी १९४३ रोजी न्यू गिनीच्या उत्तरेस ‘वाहू’ पाणबुडीने ‘बुयो मारू’ बुडविले आणि मग पाण्यातील बोटींवर गोळीबार केला. कप्तान मॉर्टन यांच्या समजुतीप्रमाणे ते जपानी सैनिक होते. प्रत्यक्षात जहाजावर १६ व्या पंजाब रेजिमेंटचे ४९१ हिंदी युद्धकैदी होते. त्या दिवशी १९५ हिंदी आणि ८७ जपानी मेले. मॉर्टन यांना त्या गस्तीबद्दल शौर्यपदक मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘वाहू’ सर्व नाविकांसह बुडाली.

आणि २२ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ‘बोफिन’ पाणबुडीने ‘त्सुशिमा मारू’ बुडविले. ओकिनावावर आक्रमण होणार म्हणून तेथील शाळकरी मुलांना या जहाजातून जपानच्या मुख्य भूमीकडे नेले जात होते. पालकांची मने वळविण्याचे काम शिक्षकांवर आले होते. सातशेहून अधिक मुले बुडाली, कित्येक शिक्षकही. जहाजावर मुले आहेत हे पाणबुडीला ठाऊक नव्हते. वाचलेल्यांना जपानी अधिकाऱ्यांनी याविषयी तोंड उघडण्यास बंदी केली. कित्येक आईबापांना मुलांच्या पत्राची वाट पाहत बसावे लागले.

‘बोफिन’ पर्ल हार्बर येथे संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे. ‘त्सुशिमा मारू’चे संग्रहालय २००४ साली ओकिनावातील नाहा येथे उघडले; तेथे भिंतीवर त्या मुलांची छायाचित्रे लावलेली आहेत.