भिंतीआड जाणारं काम कोणाच्या हाती द्यायचं?

कॅमेरे, इंटरकॉम, इंटरनेट, दरवाज्याचं ॲक्सेस कंट्रोल, फायर अलार्म ही इमारतीतली यंत्रणा साधारण १२, २४ किंवा ४८ व्होल्टवर चालते. तिच्या वायरिंगला बाजारात लो व्होल्टेज किंवा ईएलव्ही काम म्हणतात. सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की कोटेशनं वाचली जातात, सर्वांत कमी आकड्यावर बोट ठेवलं जातं आणि ठराव मंजूर होतो. पुढे प्लास्टर होतं, फॉल्स सीलिंग लागतं आणि आत कोणती केबल गेली हे कोणालाच पाहता येत नाही. म्हणून या कामाचा ठेकेदार पारखायचा तो काम सुरू होण्याआधी, आणि तोही तो काय लिहून द्यायला तयार आहे यावरून. त्याआड येणारे काही गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १ : व्होल्टेज कमी, म्हणजे धोका नाही. आपला वायरमनच करून टाकेल.

वस्तुस्थिती : ४८ व्होल्टच्या वायरीचा झटका २३० व्होल्टसारखा सहसा जीवघेणा नसतो, हे खरं. पण पाइप वाचवायला लाइटची वायर आणि कॅमेऱ्याची केबल एकाच पाइपातून ओढल्या आणि ओल येऊन किंवा उंदराने कुरतडून लाइटच्या वायरीचं इन्सुलेशन गेलं, तर २३० व्होल्ट थेट कॅमेऱ्याच्या केबलवर येतात. म्हणून पॉवर आणि डेटा यांचे पाइप वेगळे हवेत, आणि एकमेकांना ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडायचे.

शिवाय हे कौशल्यही वेगळं आहे. कॅट सिक्स केबलमध्ये तारांच्या चार जोड्या पीळ देऊन बसवलेल्या असतात. टोकाला जोडणी करताना हा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलायचा नसतो, नाहीतर एका जोडीतला सिग्नल दुसरीत मिसळतो आणि नेटचा वेग घसरतो. घरातला निष्णात वायरमन दोन-दोन इंच तार सोलून घट्ट जोडतो, कारण लाइटच्या कामात तेच बरोबर असतं. उलट बाजूही लक्षात ठेवा : कॅमेऱ्यासाठी २३० व्होल्टचा नवा पॉइंट काढायचा असेल, तर ते काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराचं. सीसीटीव्हीवाल्याच्या पोराने शेजारच्या ट्यूबलाइटमधून फेज काढून घेणं अजिबात चालू देऊ नका.

गैरसमज २ : केबल सगळ्या सारख्याच. कोटेशनमध्ये ‘कॅट सिक्स’ लिहिलं की झालं.

वस्तुस्थिती : कोटेशनांतला फरक बहुतेक वेळा इथेच असतो. बाजारात कॅट सिक्सच्या नावाने सीसीए केबलही मिळते. तिच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा असतो आणि आत ॲल्युमिनियम. आंतरराष्ट्रीय मानकांना या केबलसाठी शुद्ध तांबंच लागतं. ओळखायला सोपी युक्ती आहे. केबलचा वीतभर तुकडा मागा, एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून पांढरट चकाकी दिसली तर ॲल्युमिनियम, लालसरच राहिली तर तांबं. बॉक्स उचलून पाहिला तरी सीसीए हलकी लागते.

याचा त्रास नंतर सुरू होतो. आजचे आयपी कॅमेरे वीजही त्याच केबलमधून घेतात, त्याला पीओई म्हणतात. पीओईच्या मूळ मानकात स्विचकडून १५.४ वॉट निघतात आणि केबलमधली घट धरून कॅमेऱ्याला १२.९५ वॉट मिळतील असा हिशेब आहे. हा हिशेब तांब्याच्या तारेवर आणि १०० मीटरच्या मर्यादेवर बसवलेला आहे. सीसीएचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. त्यामुळे लांबवरचा कॅमेरा दिवसा नीट चालतो, पण अंधार पडून त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले आणि विजेची गरज वाढली की बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो. नेमकी रात्रीच नजर जाते. लोक कॅमेरा बदलतात, दोष मात्र भिंतीतल्या केबलचा असतो.

म्हणून वर्क ऑर्डरमध्ये केबलची कंपनी, मॉडेल क्रमांक आणि ‘शंभर टक्के तांबं’ हे शब्द लिहून घ्या.

गैरसमज ३ : जास्त मेगापिक्सेल म्हणजे चेहरा ओळखता येणारच.

वस्तुस्थिती : चेहरा ओळखू येतो की नाही हे चित्रातल्या एका मीटर रुंदीवर किती पिक्सेल पडतात त्यावर ठरतं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायला मीटरमागे २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. तो पाच मीटरच्या गेटवर रोखला तर मीटरमागे ३८४ पिक्सेल मिळतात. आठ मेगापिक्सेलचा, म्हणजे ३८४० पिक्सेल रुंदीचा महागडा कॅमेरा तीस मीटर रुंद आवारावर लावला तर मिळतात फक्त १२८. त्यात वॉचमन ओळखू येईल, चोर येणार नाही.

चांगला ठेकेदार आधी आवारात फिरतो, कोणत्या जागी चेहरा हवा, कुठे गाडीची नंबर प्लेट हवी आणि कुठे नुसती हालचाल दिसली तरी पुरे, हे विचारतो आणि त्याप्रमाणे लेन्स ठरवतो. फोनवर ‘किती कॅमेरे पाहिजेत?’ एवढंच विचारून दर सांगणाऱ्याला तुमच्या इमारतीची काहीच माहिती नाही.

गैरसमज ४ : हार्ड डिस्क आहे ना, महिनाभराचं रेकॉर्डिंग राहीलच.

वस्तुस्थिती : गणित स्वतःच करून पाहा. एक कॅमेरा सतत चार एमबीपीएसने रेकॉर्डिंग करत असेल तर दिवसाला सुमारे ४३ जीबी लागतात. आठ कॅमेऱ्यांचे साधारण ३४५ जीबी. म्हणजे दोन टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही, आणि तीस दिवसांसाठी दहा टीबीहून जास्त जागा लागते. फ्लॅटमधली चोरी बरेचदा घरची माणसं गावाहून परतल्यावर उघडकीस येते, तोवर जुन्या चित्रीकरणावर नवं चढलेलं असतं. ‘किती टीबी?’ यापेक्षा ‘या सेटिंगला किती दिवस?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर कोटेशनमध्ये लिहून मागा.

गैरसमज ५ : कॅमेरेवालाच फायर अलार्म आणि दरवाज्यांचं लॉकही बसवून देईल.

वस्तुस्थिती : इथे कायदा स्पष्ट आहे. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’नुसार राज्यात अग्निसुरक्षेची कामं लायसन्सधारक एजन्सीकडूनच करून घ्यावी लागतात. यंत्रणा बसवल्यावर ती एजन्सी नमुना ‘अ’ प्रमाणपत्र देते. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं नमुना ‘ब’ प्रमाणपत्र इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा सादर करायचं असतं. तेव्हा लायसन्सची प्रत पाहा आणि त्याची मुदत वाचा.

दरवाज्याच्या चुंबकी लॉकबद्दल तर हट्टाने विचारा : आगीचा अलार्म वाजला की हे दार आपोआप सुटतं का? बाहेर पडण्याच्या वाटेवरचं दार कार्ड किंवा बोटाचा ठसा न देता आतून उघडलंच पाहिजे. धुराने भरलेल्या लॉबीत आजी-आजोबांनी कार्ड शोधत बसायचं का? ताबा घेताना अलार्म खरोखर वाजवून, प्रत्येक दार ढकलून पाहा.

गैरसमज ६ : पावसाळ्यात कॅमेरे जळायचेच, त्याला कोण काय करणार?

वस्तुस्थिती : बरंच करता येतं. विदर्भ-मराठवाड्यात वळवाच्या पावसात वीज जवळपास कोसळली की दोन इमारतींमध्ये उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या केबलमध्ये दाबाचा लोट येतो आणि कॅमेऱ्यासह स्विचही जळतो. इमारतीतून इमारतीत जाताना ऑप्टिकल फायबर वापरली तर हा मार्गच बंद होतो, कारण फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. उरलेल्या बाहेरच्या केबलींना सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवं. घरातली साधी राखाडी केबल उन्हात तडकते. बाहेर काळ्या पॉलिथिन आवरणाची केबल लागते.

गैरसमज ७ : स्क्रीनवर चित्र आलं, म्हणजे काम संपलं.

वस्तुस्थिती : चित्र येणं ही सुरुवात आहे. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक, कुठून कुठे गेली याचा नकाशा, टेस्ट रिपोर्ट आणि सगळे पासवर्ड हातात आल्याशिवाय काम पूर्ण धरू नका. दिवे लुकलुकवणारा साधा टेस्टर फक्त तारा योग्य क्रमाने जोडल्यात का हे सांगतो. केबल खरंच कॅट सिक्सच्या कसोटीला उतरते का, हे सर्टिफिकेशन टेस्टरच सांगतो.

पासवर्डचा प्रश्न किरकोळ समजू नका. २०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने कंपनीने दिलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास ठप्प केल्या. भारतातही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या सक्तीच्या अटी एप्रिल २०२५पासून लागू झाल्या आहेत. नवा कॅमेरा त्यांत बसतो का, हे ठेकेदाराला कागद दाखवून सांगता आलं पाहिजे. ॲडमिन पासवर्ड मात्र सोसायटीच्या ताब्यात राहावा. तो एकट्या ठेकेदाराकडे राहिला, तर उद्या देखभालीचा वार्षिक करार, म्हणजे एएमसी, बदलताना तुम्ही अडकता.

गैरसमज ८ : फुटेज आहे, म्हणजे पुरावा आहे.

वस्तुस्थिती : २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज मुदतीत आले की नाहीत, हा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतंच. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३मध्ये आहे. म्हणून रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळणारं हवं. फुटेज कसं काढायचं हे समितीतल्या दोघांना तरी ठेकेदाराने शिकवलेलं हवं, आणि प्रमाणपत्रासाठी लागणारी यंत्रणेची माहिती लेखी हवी.

हे सगळं मागितलं की कोटेशनचा आकडा वाढतो, हे मान्य. पण कमी आकड्याच्या कोटेशनमध्ये काय गाळलंय हे तुम्हाला कळायला लागतं, आणि सभेत ते सांगता येतं. कोटेशन देणाऱ्या सगळ्या ठेकेदारांना एकच यादी द्या : केबलचं मॉडेल, कॅमेऱ्यांच्या जागांचा नकाशा, रेकॉर्डिंगचे दिवस, परवान्यांच्या प्रती, टेस्ट रिपोर्ट, पासवर्ड हस्तांतरण, वॉरंटी आणि एएमसीच्या अटी. त्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी केलेली एखादी सोसायटी गाठून तिथल्या सेक्रेटरींशी बोला आणि रॅक उघडून केबलींवर क्रमांक आहेत का ते पाहा. पाइप बुजवण्याआधी प्रत्येक मजल्याचे फोटो काढून ठेवा. शेवटचा हप्ता वरच्या यादीतला प्रत्येक कागद हातात पडल्यावरच द्या. जो ठेकेदार या अटी वाचून पाठ फिरवेल त्याला जाऊ द्या. जो बसून त्यांवर प्रश्न विचारेल, त्याला काम द्या.