आकड्यांतून सूर

तुमच्या मोबाइलमध्ये साठवलेले गाणे ही खरे पाहता आकड्यांची लांबलचक माळ असते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विद्युतदाबात रूपांतर करतो आणि तो दाब ठराविक अंतराने मोजून लिहून ठेवला जातो. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० मोजण्या ठरल्या. इतक्या का? आपला कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे सूर ऐकतो, आणि लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करायला तिच्या कंप्रतेच्या दुपटीहून थोड्या अधिक मोजण्या पुरतात. प्रत्येक मोजणी १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात.

ऐकताना हीच क्रिया उलट होते. आकड्यांवरून विद्युतदाब तयार करणाऱ्या भागाला रूपांतरक किंवा 'डॅक' म्हणतात. मोबाइलमध्ये तो असतोच, पण दाटीवाटीत! शेजारी प्रोसेसर, पडदा, रेडिओलहरी पाठवणारे मंडल. त्यांची खरखर नाजूक विद्युतदाबात मिसळू शकते. बाहेरचा डॅक मोबाइलमधून केवळ आकडे घेतो आणि दाब तयार करण्याचे काम या गर्दीबाहेर करतो. आकड्यांना खरखरीची फारशी बाधा होत नाही, कारण तेथे शून्य की एक एवढेच ओळखायचे असते.

माझ्या मते मात्र मोठा फरक पडतो तो डॅकसोबत त्याच डबीत बसवलेल्या विवर्धकामुळे. गणित करून पाहा. हेडफोनला १ मिलिवॉट शक्ती द्यायची आहे. शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध. हेडफोन ३२ ओहमचा असेल तर सुमारे ०.१८ व्होल्ट पुरतात. ३०० ओहमचा असेल तर ०.५५ व्होल्ट, म्हणजे तिप्पट लागतात. अशा जड हेडफोनपुढे मोबाइलचा विवर्धक दमतो. तुमचा हेडफोन साधा ३२ ओहमचा असेल आणि खरखर ऐकू येत नसेल, तर साठवलेले पैसे चांगल्या हेडफोनसाठी ठेवा.

आणखी दोन गोष्टी. गाणे लहान करून साठवताना गाळलेला तपशील कोणताही डॅक परत आणू शकत नाही. ब्लूटूथ हेडफोनमध्ये तर डॅक हेडफोनच्या आतच असतो. मोबाइलला दुसरा जोडून उपयोग काय?

तरीही विकत घ्यायचा मोह झाला, तर आधी मित्राचा मागून आणा. दोन्हीकडचा आवाज काळजीपूर्वक सारखा करा, कारण किंचित मोठा आवाज कानाला उगाचच सरस वाटतो. मग डोळे मिटून बसा. मित्राने दर वेळी नाणे उडवून, छापा की काटा यावरून, हेडफोन मोबाइलला किंवा डॅकला जोडावा; तुम्ही ओळखायचे. असे दहा वेळा करा. पाच-सहा उत्तरे बरोबर येणे अंदाजानेही सहज घडते. नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता नुसत्या अंदाजाने १,०२४ मध्ये फक्त ११ आहे. तेवढी आली, तर फरक तुमच्या कानांना खरोखर कळतो आहे.