होळकरांची चार, मध्य प्रदेशचं एक: इंदूरच्या रणजी संघाचा हिशेब

२६ जून २०२२ रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशनं मुंबईला सहा गडी राखून हरवलं आणि रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. ‘पहिल्यांदा’ हे नोंदींप्रमाणे बरोबर आहे. पण जुन्या इंदूरकराला तो शब्द थोडा टोचतो. कारण याच गावाच्या संघानं त्याआधी चार वेळा हा करंडक घरी आणला होता. फक्त तेव्हा त्या संघाचं नाव होळकर होतं.

मग हे विजेतेपद पहिलं धरायचं की पाचवं? उत्तर देण्याआधी होळकर संघ कसा उभा राहिला आणि त्याचा खर्च कोण करत होतं, ते पाहायला हवं.

मुळात तो राजाच्या पदरी असलेल्या माणसांचा संघ होता. कर्नल सी. के. नायडू नागपूरचे. १९२३ मध्ये होळकरांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला आले आणि संस्थानच्या लष्करात रुजू झाले. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत तेच कर्णधार होते. मुश्ताक अली इंदूरचेच, त्यांनाही होळकर लष्करात हुद्दा मिळाला. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या काळात बाहेरचे खेळाडू बोलवायचे, नोकरी द्यायची आणि इंदूरला ठेवून घ्यायचं, हे धोरण पक्कं झालं. चंदू सरवटे सागरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. आजच्या भाषेत बोलायचं तर ही नियमित पगाराची व्यावसायिक टीम होती. मुंबईकडे तेव्हा गल्लोगल्ली क्लब होते. इंदूरकडे ते नव्हतं, त्यामुळे राजानं खेळाडू आणून ती तूट भरून काढली.

१९४१-४२ पासून हा संघ होळकर या नावानं रणजीत उतरला. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३ असे चार वेळा करंडक जिंकला. दहातल्या सहा हारल्या हेही खरं. पण अकरात दहा वेळा शेवटपर्यंत जाणं म्हणजे गंमत नव्हे.

त्यातली पहिली अंतिम लढत ब्रेबॉर्नवर मुंबईशी झाली. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन युद्धामुळे इंदूरजवळच्या महू छावणीत होता, त्यालाही संघात घेतलं गेलं. मुंबईनं ८६७ धावांचं आव्हान ठेवलं. कॉम्प्टन नाबाद २४९, मुश्ताक अलींची दोन्ही डावांत शतकं, तरी होळकर ४९२ वर संपले. सामन्यात एकूण २०७८ धावा झाल्या. हरलेल्या सामन्याचंही कौतुक व्हावं, असा तो प्रकार होता.

पुढच्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध इंदूरला होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. एकाच डावात सहा शतकं. नावं बघा: कमल भांडारकर १४२, सरवटे १०१, माधवसिंह जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंह १००. सहातली चार आडनावं सरळ मराठी. त्याच सामन्यात सरवटेंनी एका डावात ६१ धावांत नऊ गडीही बाद केले.

अर्थात शेरास सव्वाशेर होताच. बडोद्याचे गायकवाडही तसेच खेळाडू बाळगून होते. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात सांगलीचे विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी बडोद्याकडून चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. होळकर २०२ आणि १७३, बडोदा ७८४. एक डाव आणि ४०९ धावांनी हार. दोन मराठा संस्थानं, दोन खजिने आणि मधे एक करंडक.

आता हिशेबाची दुसरी बाजू. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघराज्य झालं आणि होळकर संस्थान त्यात विलीन झालं. क्रिकेटचा संघ त्याच नावानं आणखी काही वर्षं चालला. १९५४-५५ चा शेवटचा अंतिम सामना घरच्याच मैदानावर, इंदूरला, मद्रासविरुद्ध झाला आणि ४६ धावांनी गेला. पुढे मध्य भारत हे नाव आलं आणि राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश.

इथे एक गुंता आहे, तो सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना लगेच कळेल. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशची राजधानी होती नागपूर, आणि तिथलं क्रिकेट वेगळं होतं. पुनर्रचनेत नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, १९५७-५८ पासून त्यांचा संघ ‘विदर्भ’ म्हणून खेळू लागला, आणि मध्य प्रदेश हे नाव इंदूर-ग्वाल्हेरकडे आलं. म्हणजे आधी राज्यांच्या रेषा सरकल्या आणि संघांच्या पाट्या त्यामागून बदलल्या.

राजाश्रय गेल्यावर खेळाडू कुठे गेले? जिथे नोकरी होती तिथे. रेल्वेचा संघ १९५८-५९ पासून रणजीत आला. निंबाळकर शेवटी रेल्वेकडूनही खेळले. १९४८-४९ मध्ये महाराष्ट्राकडून पुण्याला काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ करणारा हा माणूस भारताकडून एकही कसोटी खेळला नाही, ही खंत वेगळीच. सरवटे मात्र इंदूरचेच झाले. कायद्याचे पदवीधर, बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ, आणि १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्या समितीत तेही होते. जगदाळे आणि मुश्ताक अली यांच्या घरातली पुढची पिढी मध्य प्रदेशकडून खेळली. माधवसिंहांचे चिरंजीव संजय जगदाळे पुढे मंडळाचे सचिव झाले. घराणी राहिली, पण करंडक आला नाही.

एकदा अगदी हाताशी आला होता. १९९८-९९ चा अंतिम सामना, बेंगळुरू, समोर कर्नाटक. मुंबईहून आलेले चंद्रकांत पंडित कर्णधार. पहिल्या डावात मध्य प्रदेशची ७५ धावांची आघाडी, म्हणजे सामना अनिर्णित ठेवला असता तरी करंडक त्यांचाच. पण शेवटच्या डावात संघ १५० वर कोसळला. विजय भारद्वाजनं २४ धावांत सहा बळी घेतले आणि ९६ धावांनी पराभव झाला.

देवेंद्र बुंदेला त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं खेळत राहिला. १४५ रणजी सामने, निवृत्त झाला तेव्हाचा विक्रम. भारताची टोपी नाही आणि करंडकही नाही. तो २०१८ मध्ये थांबला.

चार वर्षांनी त्याच चिन्नास्वामीवर तेच पंडित प्रशिक्षक म्हणून डगआऊटमध्ये होते. मधल्या काळात त्यांनी विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोन करंडक मिळवून दिले होते. मुंबईच्या ३७४ ला मध्य प्रदेशनं ५३६ नी उत्तर दिलं: यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. दुसऱ्या डावात कुमार कार्तिकेयनं चार गडी टिपले आणि १०८ चं लक्ष्य उरलं. आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर तेव्हा भारतीय संघाबरोबर होते, म्हणजे दोन मोठे मोहरे नसताना हे जमलं.

या संघाची घडण होळकरांच्या अगदी उलट होती. कार्तिकेय उत्तर प्रदेशचा, दिल्लीमार्गे इथे आलेला. बाकी बहुतेक पोरं मात्र राज्याच्या विभागीय स्पर्धांतून वर आलेली, इंदूर-भोपाळपासून नर्मदाकाठच्या गावांपर्यंतची. बाहेरून मुख्यतः प्रशिक्षक आणला, आणि तो मराठी. पैसा आता खजिन्यातून नाही, मंडळाच्या सामना-मानधनातून आणि आयपीएलच्या आशेतून येतो.

माझ्या मते करंडकांची बेरीज करू नये. गाव तेच असलं तरी होळकरांच्या चार करंडकांमागे एका राजाची तिजोरी होती, आणि ती तिजोरी मध्य प्रदेशला वारशात मिळाली नाही. नोंदवह्याही दोन्ही संघ वेगळेच दाखवतात. इंदूरनं नाव तेवढं परत घेतलं: उषाराजे मैदान म्हणून ओळखलं जाणारं स्टेडियम २०१० पासून होळकर स्टेडियम झालं. ग्वाल्हेरकडे शिंदे घराण्याचं नातं मात्र खुर्चीतून चालू राहिलं. माधवराव शिंदे राज्य संघटनेचे आणि देशाच्या मंडळाचेही अध्यक्ष होते, नंतर ज्योतिरादित्य राज्य संघटनेचे अध्यक्ष झाले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्वाल्हेरच्या नव्या मैदानावर भारत-बांगलादेश टी-ट्वेंटी झाली, तेव्हा पाटीवर नाव होतं श्रीमंत माधवराव सिंधिया.