वैदूर्यातील धातू

पाचूचा हिरवागार खडा आणि समुद्राच्या पाण्यासारखा फिकट निळा दिसणारा अ‍ॅक्वामरीन ही रत्ने जवाहिऱ्याच्या पेटीत निरनिराळ्या कप्प्यांत ठेवलेली असतात. तथापि ती एकाच खनिजाची दोन रूपे होत. या खनिजास बेरिल म्हणतात. त्यात क्रोमियमचा किंचित अंश मिसळला म्हणजे त्यास पाचूचा हिरवा रंग येतो आणि लोहाचा अंश मिसळला म्हणजे निळसर छटा येते. बेरिल हे नाव ग्रीक भाषेतून युरोपभर पसरले. परंतु त्याचे मूळ भारतातील असून ते 'वैदूर्य' या शब्दाच्या प्राकृत रूपापर्यंत जाऊन पोहोचते, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. महाराष्ट्रात आज वैदूर्य म्हणजे लसण्या समजला जातो, ही गोष्ट निराळी. जर्मन भाषेत चष्म्यास 'ब्रिले' म्हणतात, तो शब्दही याच कुळातला.

1798 साली पॅरिस येथील रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ याने बेरिल आणि पाचू यांचे पृथक्करण केले, तेव्हा त्याला त्यांत एक अपरिचित द्रव्य आढळले. त्याचे क्षार जिभेला गोड लागत. म्हणून गोडीचा वाचक असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला 'ग्लुसिन' असे नाव मिळाले. नवा पदार्थ चाखून पाहण्याची त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांची रीतच होती! पुढे 1828 साली जर्मनीत व्होलर आणि फ्रान्समध्ये ब्युसी या दोघांनी स्वतंत्रपणे या द्रव्यातून करड्या रंगाचा एक धातू वेगळा काढला. तोच बेरिलियम होय.

या धातूचे गुण असामान्य आहेत. एक घनसेंटिमीटर लोखंडाचे वजन जवळजवळ आठ ग्रॅम आणि तेवढ्याच अ‍ॅल्युमिनियमचे 2.7 ग्रॅम भरते. बेरिलियमचे मात्र 1.85 ग्रॅमच भरते. इतका हलका असूनही तो अत्यंत ताठ आहे आणि 1287 अंश सेल्सिअस इतकी उष्णता दिल्यावाचून वितळत नाही. क्ष-किरण त्यातून सहज आरपार जातात; म्हणून क्ष-किरणांच्या नळीस त्याच्या पातळ पत्र्याची खिडकी बसवितात. तांब्यात शेकडा सुमारे दोन भाग बेरिलियम मिसळले की त्या मिश्रधातूच्या उत्तम स्प्रिंगा होतात. त्याच्या हातोड्या व पाने आपटले तरी ठिणगी उडत नाही, म्हणून ज्वालाग्राही वायूंच्या ठिकाणी ती हत्यारे वापरतात. 1932 साली केंब्रिज येथे चॅडविक याने न्यूट्रॉनचा शोध लावला, तोही बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा करूनच. 25 डिसेंबर 2021 रोजी अवकाशात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा प्रचंड आरसा बेरिलियमच्या अठरा षट्कोनी तुकड्यांचा बनविलेला आहे. कारण अवकाशातील भयंकर थंडीतही त्याचा आकार फारसा बदलत नाही.

बेरिलियमचा गुळगुळीत तुकडा हातात घेतला असता सहसा काही अपाय होत नाही. पाचूची अंगठी बोटात घालून पिढ्यान्‌पिढ्या माणसे सुखाने जगली आहेत. अनर्थ घडतो तो या धातूची किंवा त्याच्या संयुगांची पूड होऊन ती श्वासाबरोबर छातीत शिरते तेव्हा. आणि ही पूड न होऊ देता त्याचे काम करणे फार कठीण असते. कारण खनिज दळणे, धातू कातणे, घासणे, कानस मारणे, झिलई देणे या प्रत्येक कृतीत ती निर्माण होते. दुर्बिणीच्या त्या आरशाचे तुकडेसुद्धा प्रथम बेरिलियमची भुकटी दाबून घडविले आणि मग त्यांचा बहुतेक भाग कोरून काढला गेला.

या पुडीची किंमत प्रथम कारखान्यांतील मजुरांनी मोजली. 1930 नंतरच्या दशकात जर्मनी, इटली आणि रशिया येथील वैद्यांनी बेरिलियमच्या कामगारांना फुप्फुसांचे तीव्र विकार होतात असे नोंदविले होते. तरीही 1943 साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्याने असा निर्वाळा दिला, की बेरिलियम हे स्वतः विषारी नसून दोष त्याच्याबरोबरच्या आम्लांशांचा असावा. याच सुमारास प्रकाशनलिका, म्हणजे ज्यांना आज घरोघरी ट्यूबलाइट म्हणतात त्या, अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या होत्या. नळीच्या आतल्या बाजूस जो पांढरा लेप असतो, त्याच्या भुकटीत तेव्हा बेरिलियम मिसळलेले असे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम गावी अशा नळ्यांच्या कारखान्यात बहुतांशी तरुण स्त्रिया काम करीत. त्यांतील काहींना कोरडा खोकला जडला, वजन घटले, जिना चढताना धाप लागू लागली. क्ष-किरणांच्या चित्रात क्षयासारखी छाया दिसे. पण थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसत. कित्येकींचे दुखणे तर काम सोडल्यानंतर सुरू झाले होते, त्यामुळे कारखान्याशी त्याचा संबंध कोणास जोडता येईना.

राज्याच्या श्रमखात्यात काम करणाऱ्या डॉ. हॅरिएट हार्डी यांनी या रुग्णांचा मागोवा घेतला. कोण कोठे बसत असे, कोणत्या भुकटीशी तिचा संबंध येई, हे त्यांनी एकेकीच्या बाबतीत विचारून पाहिले आणि 1946 साली आपल्या एका सहकाऱ्यासह सतरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. बेरिलियम निर्दोष आहे असे सरकारी पुस्तिका सांगत असताना हे मत मांडणे सोपे नव्हते. पण पुरावा वाढतच गेला. 1949 साली अमेरिकेतील कारखानदारांनी नळ्यांच्या लेपात बेरिलियम घालणे थांबविले. 1952 मध्ये हार्डी यांनी अशा रुग्णांची एक कायमची नोंदवही सुरू केली. आजच्या ट्यूबलाइटच्या लेपात बेरिलियम नसते. मात्र तिच्यात पारा असतो, म्हणून फुटलेली नळी हाताने चिवडू नये ती नये.

दरम्यान ओहायो राज्यातून आणखी विस्मयकारक वार्ता आली. तेथील एका बेरिलियमच्या कारखान्यात कधी पाऊलही न टाकलेली, केवळ त्याच्या धुराड्याच्या आसपास राहणारी माणसे त्याच विकाराने आजारी पडली होती. कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांनाही तो जडल्याचे आढळले. उलट दिवसभर धुळीत उभे राहणारे पुष्कळ मजूर ठणठणीत होते. याचा उलगडा पुढे झाला. बेरिलियमचे सूक्ष्म कण फुप्फुसांच्या वायुकोशांत रुतून बसतात. बहुतेकांची शरीरे ते निमूटपणे सहन करतात. परंतु काहींच्या रक्तातील संरक्षक पेशी या धातूस शत्रू म्हणून ओळखू लागतात आणि त्याच्याभोवती वेढा घालून गाठी निर्माण करतात. गाठी वाढतात, कोमल फुप्फुस निबर होते आणि माणसाचा श्वास तोकडा पडत जातो. अशी संवेदनशीलता कोणात येईल यात आनुवंशिकतेचाही भाग आहे, असे आता ठाऊक झाले आहे. लक्षणे दिसण्यास काही महिने लागतात, तर कधी तीस-चाळीस वर्षेही लोटतात. औषधांनी दाह आटोक्यात ठेवता येतो; रोग समूळ बरा करता येत नाही. शिकागो येथे फर्मी याच्या अणुसंशोधनात सहभागी असलेला पदार्थवैज्ञानिक हर्बर्ट अँडरसन याने तरुणपणी प्रयोगांसाठी बेरिलियमची भुकटी हाताळली होती. या विकाराशी सुमारे चाळीस वर्षे झुंज देऊन तो 1988 साली मरण पावला. 1993 साली कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने बेरिलियमची गणना माणसास कर्करोग आणणाऱ्या द्रव्यांत केली.

हवेत किती धूळ चालेल याची मर्यादा ठरविण्याची कथाही मनोरंजक आहे. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे आयझेनबड आणि त्यांच्यासोबतचे डॉ. माक्ल हे एका बैठकीस टॅक्सीतून जात असताना त्यांनी इतर जड धातूंच्या मर्यादेवरून अंदाज बांधला आणि एका घनमीटर हवेत दोन मायक्रोग्रॅम असा आकडा काढला. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. 1949 साली आयोगाने हा आकडा स्वीकारला आणि टॅक्सीत जन्मलेली ती मर्यादा पुढे जवळजवळ सत्तर वर्षे चालली! तिने तीव्र स्वरूपाचा विकार जवळजवळ नाहीसा झाला. जुनाट विकार मात्र राहिला. 2017 साली अमेरिकेने ती दहापटीने उतरवून 0.2 मायक्रोग्रॅम केली. आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा वर्गखोलीत हवा 192 घनमीटर मावते. नव्या मर्यादेप्रमाणे त्या सर्व हवेत मिळून चाळीस मायक्रोग्रॅमही बेरिलियम असता कामा नये. मिठाचा एखादा बारीक कणदेखील बहुधा याहून जड भरेल.

इतकी अल्प धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला जाणवत नाही. यास्तव ती उठूच न देण्यावर सारी भिस्त असते. भुकटीचे काम बंदिस्त पेटीत चालते. यंत्राच्या पात्याजवळच हवा ओढून घेणारे तोंड बसविलेले असते आणि ती हवा अतिसूक्ष्म कण अडविणाऱ्या गाळणीतून जाते. घासणे किंवा कापणे शक्य तेथे ओलेच करतात. केरसुणीने झाडणे किंवा दाबलेल्या हवेचा झोत मारून यंत्र साफ करणे यांस सक्त बंदी असते. कारण त्याने खाली बसलेली धूळ पुन्हा श्वासाच्या उंचीवर येते. जमीन ओल्या फडक्याने पुसतात. एवढे करूनही जेथे धूळ राहते तेथेच श्वसनरक्षक मुखवटा वापरतात. मुखवटा हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. त्वचेत धातूची कुसळ घुसली तर ती काढून टाकीपर्यंत जखम भरत नाही, म्हणून हातमोजे आवश्यक ठरतात. भुकटीने पेट घेतला तर पाणी ओतू नये. धातूच्या आगीसाठी असलेली खास कोरडी पूडच वापरावी लागते.

भारतातही हा धातू बनतो. बेरिल हे खनिज राजस्थानात आणि झारखंडात अभ्रकाच्या पट्ट्यात सापडते आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचा बेरिलियमचा विभाग नवी मुंबईत वाशी येथे आहे. पण बेरिलियम केवळ अशा सुसज्ज ठिकाणीच भेटते असे नाही. काही जुन्या विद्युत्-उपकरणांत बेरिलियम ऑक्साइडचे पांढरे, चिनीमातीसारखे तुकडे असतात. ते अखंड असेपर्यंत निरुपद्रवी; भंगारात फोडले किंवा घासले की त्यांचीही पूड होते, आणि ते फोडणाऱ्यास त्याची वार्ताही नसते.

चांगल्या कारखान्यात कामगार स्वतःचे कपडे एका खोलीत उतरवितो, दुसऱ्या खोलीत कामाचे कपडे चढवितो आणि पाळी संपल्यावर मधल्या न्हाणीघरात आंघोळ करूनच परततो. धुळीच्या जागी खाणेपिणे चालत नाही. ठरावीक काळाने त्याचे रक्त तपासतात. त्याच्या पेशी बेरिलियमला ओळखू लागल्या आहेत असे दिसले, तर धाप लागण्याची वाट न पाहता त्याला त्या कामावरून दुसरीकडे हलवितात. त्याचे कामाचे कपडे व बूट फाटकाच्या आतच राहतात. ते कारखान्यातच धुतले जातात, घरी पाठविले जात नाहीत.