सेंट्रिफ्यूजचा रोटर : तपासणी व निगा

तपासणीस दिलेले रक्त नळीत घालून यंत्रात गरगर फिरवितात, आणि मग वर फिकट पिवळा द्रव व खाली तांबड्या पेशी अशी वाटणी होते, हे वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. या यंत्रास सेंट्रिफ्यूज म्हणतात, आणि त्यातला जो धातूचा जड भाग नळ्या घेऊन फिरतो तो रोटर. धर्मादाय दवाखान्यांस व महाविद्यालयांस अशी यंत्रे कित्येकदा देणगीरूपाने, वापरलेली मिळतात. मोटर चालते की नाही एवढे देणाराही पाहतो व घेणाराही; रोटर उलटा करून सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक धोका आहे तो तेथेच.

पाण्याने भरलेली बादली वेगाने फिरविली तर पाणी सांडत नाही, हा प्रयोग आम्ही शिक्षकमंडळी वर्गात करून दाखवितो. येथे तोच प्रकार मिनिटाला हजारो फेऱ्यांनी चालतो. वेग दहा हजार फेऱ्यांचा असला, तर मध्यापासून १० सेंटिमीटरवरील वस्तूस तिच्या वजनाच्या सुमारे ११,१८० पट ओढ बसते. समोरासमोरच्या दोन नळ्यांत एका ग्रॅमचा फरक राहिला की तो अकरा किलोंहून अधिक भरतो! म्हणून नळ्या नजरेच्या अंदाजाने नव्हे, तराजूवर तोलून समोरासमोर ठेवाव्या.

परंतु ओढ नळ्यांनाच बसते असे नाही. रोटरचा कण न् कण बाहेर ओढला जातो आणि यंत्र थांबले की सैल पडतो. तार वारंवार वाकविली की अखेर तुटते, तसे धातूचे आयुष्य प्रत्येक खेपेस थोडे सरते. दिसायला रोटर जसाच्या तसा असतो. १६ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दुधाचे नमुने फिरत असताना अल्युमिनियमचा रोटर सुमारे तासाभराने फुटला. त्याच कामास तो पूर्वी अनेकदा वापरलेला होता. यंत्राचे अर्धा इंच जाडीचे पोलादी दार वाकले, भिंतींना व छताला भोके पडली, खोलीच्या चारही खिडक्या फुटल्या. कोणास इजा झाली नाही हे नशीब. ते यंत्र दवाखान्यातील यंत्राहून फार वेगवान होते हे खरे. पण धातूचा स्वभाव दोहींकडे एकच.

अल्युमिनियमच्या रोटरवर एक पातळ संरक्षक थर चढविलेला असतो. त्यावर ओरखडा उठला की खारट द्रव आत शिरतो, बारीक खळगे पडतात आणि पुढे तेथूनच तडा जातो. हे खळगे बहुधा नळीच्या भोकाच्या तळाशी, म्हणजे नजर न पोहोचणाऱ्या जागी पडतात. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी बॅटरीच्या उजेडात, भिंग घेऊन प्रत्येक भोक पाहावे. पांढरी भुकटी, खळगा किंवा केसासारखी रेघ दिसली तर रोटर बाजूला ठेवून जाणकारास दाखवावा. ‘आजच्या दिवस चालवू’ म्हणू नये.

रक्त सांडले की ब्लीचिंगचे पाणी ओतण्याची सवय आम्ही अनेक ठिकाणी पाहिली आहे. फरशीला ते ठीक. अल्युमिनियमला ते खाते. तेथे सत्तर टक्के अल्कोहोल वापरावे. एरवी सौम्य साबणाचे पाणी व मऊ ब्रश पुरे, तारेचा ब्रश कदापि नको. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन रोटर मऊ फडक्यावर पालथा, झाकण काढून वाळवावा. झाकणाच्या रबरी कड्यास आणि डबे ज्या खुंट्यांवर झुलतात त्यांस ठरलेले ग्रीस लावावे. डबे एकमेकांच्या जागी घालू नयेत.

रोटरवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकाची वेगळी वही ठेवावी व तीत प्रत्येक खेप मांडावी. पाच मिनिटांची खेपही खेपच. निर्मात्याने वर्षांची वा खेपांची मर्यादा दिलेली असते, ती भरली की रोटर निवृत्त. देणगीत यंत्र घेताना ही वही आधी मागावी. वही नसेल तर यंत्र ठेवून घ्यावे आणि रोटर नवा आणावा, मग देणगीदार थोडे रुसले तरी चालतील. निवृत्त रोटर मात्र आरपार भोक पाडून निकामी केल्यावरच भंगारात घालावा, नाही तर तो घासूनपुसून दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात देणगी म्हणून जाऊन पोहोचतो.